लग्नाचा दाखला नीट करा, नातवंडाचे कागद आपोआप सुटतील

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्याला बाळ झालं की घरून पेढ्यांच्या फोटोसोबत पहिला प्रश्न येतो तो म्हणजे बाळाला घेऊन कधी येताय, आणि तोवर तिकडे आजी-आजोबांनी कुलदैवताचं दर्शन, हॉल, पाहुण्यांची यादी सगळं ठरवूनही टाकलेलं असतं. मी न्यू जर्सीत राहते, आम्हाला मुलगी झाली, आणि आमच्या ओळखीत दरवर्षी दोन-तीन घरांत तरी हाच प्रकार बघते, की तिकीट आधी काढलं जातं आणि बाळाच्या कागदांचं नंतर बघू म्हणतात. पण माझं आज लिहायचं कारण वेगळं आहे. बाळाचे कागद अडतात ते परदेशातल्या ऑफिसमुळे, असं सगळे म्हणतात, पण त्या अडचणीचं मूळ बऱ्याचदा आपल्या महाराष्ट्रात, लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावर असतं, आणि ते तिथेच सुधारता येण्यासारखं आहे.

आधी थोडं स्पष्ट सांगते कारण यात फार गोंधळ आहे. अमेरिकेत जन्मलेलं बाळ तिथलं नागरिक होतं, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासून हे चालत आलंय (जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या बाळांना यातून वगळायचा आदेश निघाला, तो कोर्टांनी अडवला, पण त्या काळात एचवनबी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या घरांमध्ये काय घालमेल झाली ते मी पाहिलंय). इंग्लंडमध्ये तसं नाही, तिथे १ जानेवारी १९८३ पासून नुसता जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही, आईवडील वर्क व्हिसावर असतील तर बाळ भारतीयच, आणि आखातात तर प्रश्नच नाही, दुबईत जन्मलेल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट काढून १२० दिवसांत तिथला व्हिसा लावायचा असतो नाहीतर दंड पडतो. म्हणजे दुबईतल्या भाचीने जे केलं ते अमेरिकेतल्या भाच्याला लागू नाही, तरी फॅमिली ग्रुपवर सगळे एकमेकांना छातीठोकपणे सल्ले देत असतात.

बाळ भारतीय नागरिक व्हावं असं वाटत असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करायची, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला की हा रस्ता बंद, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. दोन्ही हातात ठेवता येत नाही कारण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, कितीही वेळा या-जा, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे ऐकून आमच्या सासऱ्यांसारखे शेतीवाले आजोबा एकदम कासावीस होतात, त्यांना सांगते की वारसाने मिळणारी जमीन हा वेगळा विषय आहे, ती ओसीआय असलेल्या नातवंडाला मिळू शकते. आणि अजूनही पीआयओ (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं जुनं) कार्ड काढलं का असं विचारणारे बरेच आहेत, ते कार्ड ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्येच विलीन झालंय.

आता मुख्य मुद्दा, नावं. आपल्याकडे मुलगी लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, काही घरांत तर पाळण्यातलं नावही बदलतात. समजा माहेरची जोशी सासरी कदम झाली. अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये बाळंतीण अजून नीट उठून बसलेली नसते तेव्हा बर्थ सर्टिफिकेटचा फॉर्म येतो आणि त्यात आईचं लग्नाआधीचं नाव विचारतात, म्हणजे बाळाच्या दाखल्यावर आई जोशी. तिचा पासपोर्ट कदम. या दोन बायका एकच आहेत हे सांगणारा जगात एकच कागद असतो, तो म्हणजे लग्नाचा दाखला. आणि तोच आपल्याकडे सगळ्यात हलगर्जीपणे केलेला असतो! कुणाचा फक्त मराठीत, कुणाच्या दाखल्यावर वधूचं फक्त माहेरचं नाव, कुणाचा काढलेलाच नसतो, लग्न लागलं, अल्बम झाला, झालं. १९९८ च्या राज्याच्या कायद्यात ९० दिवसांत नोंदणी करायची असं आहे, तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते. व्हिसासाठी गरज पडेपर्यंत याची कुणाला आठवणही नसते, मग सासरचे लोक भटजींना शोधत गावभर फिरतात.

आमच्या फाइलचं काय झालं ते सांगते. लग्नाच्या दाखल्यावर सासऱ्यांचं नाव दत्तात्रय, नवऱ्याच्या पासपोर्टवर दत्तात्रेय. दाखला लिहिणाऱ्याने एक मात्रा दिली नाही म्हणून आमच्या मुलीचं ओसीआय होल्डवर पडलं, ईमेलला ठरावीक साच्यातलं उत्तर, फोन लागला तरी समोरचा म्हणणार की कागद जुळत नाहीत. शेवटी दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र भारतातून करून मागवलं. माझ्या आईला तोवर रक्तदाबाचा त्रास सुरू झालेला, तिला नातीला बघायचं होतं, आणि मी इथे कुरियरचा ट्रॅकिंग नंबर रिफ्रेश करत बसलेले. ज्याने ती मात्रा गाळली त्याला मी दोष देत नाही, दिवसाला ढीगभर दाखले लिहिणारा माणूस आहे तो. पण अर्जाबरोबर पासपोर्टची झेरॉक्स घेऊन स्पेलिंग त्यावरूनच उतरवायचं असा साधा नियम असता तर? आणि सही करण्याआधी जोडप्याला दाखल्याचा मसुदा वाचायला दिला असता तर?

बाकीचं काम किचकट असलं तरी होऊन जातं. अमेरिकेचा पासपोर्ट काढायला बाळासोबत आई आणि वडील दोघांनी जावं लागतं, तो पाच वर्षं चालतो. फोटोसाठी पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवून वरून काढायचा, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसता कामा नये, आमच्या मुलीने तर नेमकी तेव्हाच जांभई द्यायचं ठरवलेलं. ओसीआयच्या फॉर्ममध्ये सहीच्या चौकटीत बाळाचा अंगठा लागतो. ती मूठ उघडायचं नावच घेत नव्हती, एवढुसा अंगठा, शाईच्या पॅडवर हलकेच टेकवला की लगेच तोंडाकडे जायचा, दुधाची वेळ झाल्यावर पिताना मूठ सैल पडली तेव्हा कुठे ठसा मिळाला. मी तो कागद जपून ठेवलाय. एकदा कार्ड आलं तरी वीस वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला त्याची कॉपी आणि नवा फोटो साइटवर अपलोड करायचा, हे विसरू नका.

नाव ठरवण्याचंही तेच. आपलं बारसं बाराव्या दिवशी, पत्रिकेवरून अक्षर यायला आणखी वेळ, पण इथे फॉर्म डिस्चार्जच्या आधी भरून हवा असतो आणि नंतर बदलायला दाखल्याची दुरुस्ती करत बसावं लागतं. त्यामुळे आत्या, मावशी, आजी सगळ्यांनी आपापली अक्षरं आठव्या महिन्यातच सांगून टाकावीत. आणखी एक, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्राने आईचं नावही घातलं, बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. फक्त पुढे हीच मुलं परदेशात जातील तेव्हा तिथल्या फॉर्मच्या तीन रकान्यांत ही चार नावं कशी बसवायची याची सूचना आत्ताच काढून ठेवायला हवी, नाहीतर पुढच्या पिढीच्या फायली पुन्हा अशाच अडतील.

मुलीचे आजोबा किंवा आजी अत्यवस्थ असतील आणि ओसीआय हातात नसेल तर बाळासाठी ई-व्हिसा काढता येतो, तान्हं बाळ असलं तरी त्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याशिवाय विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवते, बाळाकडे बघून कुणी विरघळत नाही. म्हणून घरच्यांना हात जोडून विनंती, तारीख कळवा असा तगादा लावू नका, कार्ड आलं की पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.

आणि सरकारकडे मागणी अशी की राज्यात महापालिका असो की ग्रामपंचायत, लग्नाचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळावा, त्यावर वधूचं लग्नाआधीचं आणि लग्नानंतर वापरणार असलेलं अशी दोन्ही नावं असावीत, स्पेलिंग पासपोर्टवरून घ्यावं, आणि चूक निघाली तर दुरुस्ती ऑनलाइन व्हावी, त्यासाठी म्हाताऱ्या आईवडिलांना खेटे घालायला लागू नयेत. नोंदणी महानिरीक्षकांना किंवा संबंधित मंत्र्यांना तुमच्या पेपरने हे विचारावं आणि त्यांचं उत्तर छापावं, मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ते लगेच टाकते.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी