केबलचोर आणि स्वतंत्रपूर

महोदय,

चोर सापडला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुठला हाय?" आणि दुसरा, "बांधून ठेवलाय न्हवं?" दोन वर्षांपूर्वी माझ्या विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडून नेणारा सापडला तेव्हा हेच झाले. पोरगा जेमतेम एकोणीसचा, आमच्याच वाडीतला. ओढ्यात जाळ करून त्याने वरचे प्लास्टिक जाळले आणि तांबे भंगारात घातले. हाती आले हजार-बाराशे. मला नवी केबल सहा हजारांना पडली, शिवाय ऐन द्राक्षाचे मणी फुगायच्या वेळी चार दिवस बागेला पाणी नाही. दोन थोबाडीत मीही दिल्या, खोटे कशाला बोलू.

पुढे कोठडी, मग कारागृह. जामिनाला कोणी उभे राहिले नाही, त्यामुळे साडेतीन महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. बाहेर आला तो दुचाकीचे लॉक कसे काढायचे हे शिकून. म्हणजे शिक्षण झालेच. शिकवणारे तेवढे निराळे.

गुन्हेगाराला सुधारा म्हटले की हल्ली लोक पुण्याचा निबंध काढतात. मे २०२४ मध्ये मोटारीच्या धडकेत दोघे गेले आणि अल्पवयीन मुलाला जामिनाची अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध सांगितला गेला. (हे पत्रही साधारण तेवढेच भरेल, लिहून माझ्यात काही सुधारणा झाल्याचे जाणवत नाही.) लोक चिडले ते बरोबरच. पण त्याला शिकवणे म्हणत नाहीत. ते बघायचे तर आपल्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. खुनाची शिक्षा भोगणारे निवडक कैदी तिथे बायकामुलांसह राहतात, शेती कसतात. त्यावरचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. वसाहत पाहिलेला एकही भेटला नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. माझी केबल बहुधा त्यात बसली नसती. असो. पण ही सेवा करायची कुठे आणि हजेरी कोण घेणार? ग्रामपंचायतींनी कामांची यादी करून न्यायालयाकडे द्यावी: शाळेची स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी, ओढ्यातला गाळ. आणि ज्याचे नुकसान झाले त्याची हरकत नसेल तर आधी चार दिवस त्याच्या रानात. त्या पोराने माझी केबल स्वतः जोडली असती, सुकलेले घड बघितले असते, तर मला त्या थोबाडीत देण्यापेक्षा जास्त समाधान मिळाले असते.

सध्या तो कुठे आहे, घरच्यांनाही माहीत नाही. त्याची आई माझ्याच बागेत विरळणीला येते आणि दर आठवड्याला पगार घेताना म्हणते, "केबलचं त्यातनं कापून घ्या."

एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली