बाई, मशीन घरी आलं त्याबद्दल

आदरणीय बाईंना,
सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

बाबा गेले त्या वर्षी आईचं शिलाई मशीन एका सावकाराकडे गहाण पडलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून आमचं घर चालायचं. मशीनच गेल्यावर व्याज तरी कुठून भरणार? रविवारी चर्चमध्ये मंडळी देवाच्या विश्वासूपणाचं गीत गायची, तेव्हा मी ओठ मिटून उभी राहायची. ते तुम्ही पाहिलंत. रागावला नाहीत, प्रार्थना कर असंही म्हणाला नाहीत. गुरुवारी संध्याकाळी घरी ये, बायबलमधलं आमोसाचं पुस्तक वाचू, एवढंच म्हणालात.

तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची निगा राखणारा आमोस, देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा, दक्षिणेच्या यहूदा राज्यातून उत्तरेला इस्राएलातल्या बेथेलच्या मंदिराशी जाऊन उभा राहिला. इसवी सनपूर्व 8वं शतक, इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याची कारकीर्द, श्रीमंतांकडे सुबत्ता, सण नि यज्ञ जोरात. आणि हा म्हणतो, तुमची मापं लहान, वजनं जड, पायतणाच्या जोडासाठी तुम्ही गरिबाला विकता. मी भराभर वाचत चालले होते. दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनावर तुम्ही बोट ठेवलंत. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर ते वेद्यांपाशी लवंडतात. “ते वस्त्र कोणाचं?” तुम्ही विचारलंत, आणि बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाचा 22वा अध्याय उघडलात. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याला अंगावर घ्यायला तेवढंच आहे. त्याने धावा केला तर मी ऐकेन, असं परमेश्वर तिथे सांगतो. म्हणजे वेदीपाशी कोणी ऐसपैस लवंडलं होतं, तेव्हा त्या कापडाचा मालक कुठेतरी कुडकुडत होता.

मग तुम्ही 1960 साली भूमध्य समुद्राकाठच्या मेसाद हशाव्याहू इथे सापडलेल्या, मजकूर लिहिलेल्या खापराची गोष्ट सांगितलीत. इसवी सनपूर्व 7व्या शतकातला एक कापणीचा मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो, माझं काम पुरं झालं तरी माझं वस्त्र नेलं, ते परत मिळवून द्या, उन्हात माझ्याबरोबर राबणारे भाऊ साक्ष देतील. त्याचं नाव खापरावर उरलेलं नाही. मला तो आमच्या गल्लीतला वाटला.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात जातं गहाण घ्यायला मनाई आहे, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणं. तिथे मी रडले. आमचं मशीन म्हणजे जातंच की.

होशेय या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द तुम्ही दोन गुरुवार सोडला नाहीत. दया म्हटलं तर अपुरं, निष्ठा म्हटलं तरी अपुरं. एकदा आपलं म्हटलं की न सोडणं. लोकांचा हेसेद पहाटेच्या दवासारखा उडून जातो ही देवाची तक्रार, आणि यज्ञापेक्षा त्याला तोच हवा. तरी सोडून गेलेल्या त्याच लोकांशी तो पुन्हा वाग्दान करतो, न्याय, हेसेद, करुणा आणि ‘एमुना’ यांनिशी. एमुना म्हणजे विश्वासूपणा, आणि आपलं ‘आमेन’ त्याच धातूतलं. इतकी वर्षं आमेन म्हणत होते, पण आपण कशाला हो म्हणतोय ते कळलं नव्हतं. संदेष्टे देवाच्या विश्वासूपणाबद्दल बोलू लागले की तराजू, गहाणवट, वेशीवरचा निवाडा यांवर येतातच. हे मला आधी कोणी दाखवलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी दारात टेम्पो थांबला आणि मशीन उतरलं. पैसे कोणी भरले विचारल्यावर तुम्ही म्हणालात, मंडळीतल्या बायकांनी. मी एकेकीला विचारलं. कोणालाच काही माहीत नव्हतं.

आई त्याच मशीनवर जुन्या साड्यांची गोधडी शिवते आहे, तुमच्यासाठी. काठ तेवढे राहिलेत. थंडी पडायच्या आत घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी