लिलावातल्या घरांना गिऱ्हाईक का मिळत नाही?

महोदय,

थकीत गृहकर्जापोटी ताब्यात घेतलेल्या सदनिकांच्या लिलावाच्या जाहिराती पाहा. पत्ता तोच, क्षेत्रफळ तेच, फक्त राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेतली जात नाही ती, थोडी उतरलेली. घरांचे भाव पडत असले की ही यादी लांबत जाते. पण सगळा दोष बाजारावर ढकलता येणार नाही. बहुतेक लिलाव ताबा आणि किंमत या दोन गोष्टींच्या कच्च्या तयारीमुळे फसतात.

सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकता येते. त्याखालील, थकबाकी भरण्याच्या 60 दिवसांच्या नोटिशीची मुदत संपली की दारावर सूचना चिकटवून बँक प्रतीकात्मक ताबा घेते; कुटुंब आतच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो. तेवढे न थांबता लिलाव पुकारला, तर घेणाऱ्याला घर आतून पाहता येत नाही, आणि राहणाऱ्यांना बाहेर काढण्याची कटकट आपल्याच गळ्यात पडेल ही धास्ती असते. त्यातच नियमाप्रमाणे बोलीच्या 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेली 15 दिवसांत भरायची. चुकल्यास भरलेले पैसे जप्त. एवढ्या अवधीत, तेही आत माणसे राहत असलेल्या घरावर, पगारदाराला कर्ज कोण देणार? मग रोकड बाळगणारे मोजके गुंतवणूकदारच उरतात आणि ते पडेल भावानेच मागणार.

किमतीचे दुखणे याहून खोल आहे. मूल्यांकन काही महिन्यांपूर्वीचे असेल, तर घसरत्या बाजारात राखीव किंमत शेजारच्या खुल्या विक्रीपेक्षाही चढी ठरते. पहिला लिलाव रिकामा जातो. फेरलिलावासाठी 15 दिवसांची नोटीस पुरते, पण किंमत थोडीथोडीच उतरवली जाते आणि बाजार तिच्यापुढे घसरत राहतो. गिऱ्हाईक तिसऱ्या जाहिरातीची वाट पाहायला शिकते. बंद घरात ओल चढते, देखभालीची थकबाकी वाढते आणि कर्जावरचे व्याजही थांबत नाही. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँका किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकतात. भाव दहा टक्के पडले की कर्जदाराने घातलेले पैसे बुडालेच. विक्रीतून न भागलेली रक्कमही त्याच्याकडूनच वसूल करता येते. म्हणजे घर गेल्यावरही प्रत्येक फसलेल्या लिलावाचा भार त्याच कुटुंबावर पडतो. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे, म्हणूनच हे पत्र.

प्रत्यक्ष ताब्याआधी लिलाव पुकारू नये. मूल्यांकन जाहिरातीच्या तोंडावर करावे, आणि त्यासाठी रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरपत्रकापेक्षा) त्याच इमारतीतील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांचे 'इंडेक्स टू', म्हणजे विक्रीची किंमत दाखवणारे नोंदणीचे उतारे, पाहावेत. सोसायटी, मालमत्ता कर, वीजबिल यांची थकबाकी आकड्यांत छापावी. 'जसे आहे, जिथे आहे' एवढे लिहून हात झटकू नयेत. घर पाहण्याचे दिवस ठरवून द्यावेत. उरलेली रक्कम भरायला लेखी संमतीने तीन महिन्यांपर्यंत मुदत देता येते, ती देण्याची तयारी जाहिरातीतच लिहावी.

त्याही आधी, नोटीस बजावल्यावर लगेच, कर्जदाराला स्वतः गिऱ्हाईक शोधायला ठरावीक मुदत द्यावी. राहत्या, नांदत्या घराला लिलावापेक्षा चांगला भाव येतो. पण लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाली की 2016 च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून घर सोडवण्याचा त्याचा हक्क संपतो. ही गोष्ट शाखेने त्याला पहिल्याच भेटीत मराठीत, लेखी सांगावी.