खाटेवरच्या माणसाचा फोटो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला ‘निधी आहे, हात नाहीत’ हा अग्रलेख वाचला. दुपारी वाचला, कारण आमच्याकडे पेपर साडेअकराच्या एस.टी.ने येतो, ती आली तर. कोकणातल्या संस्थांना प्रस्ताव लिहिता येत नाहीत, त्या हिशेबात कच्च्या, त्यांना ‘व्यावसायिक दृष्टी’ नाही, म्हणून कंपन्यांच्या फाउंडेशनांचा पैसा मुंबई-पुण्यातच फिरतो, असे आपले म्हणणे. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी प्रस्ताव भरला आहे का, एवढेच आधी विचारतो. राग मानू नये.

मी सदतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. हिशेबात कच्चे हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या मंडळाचे ऑडिट दरवर्षी होते, आणि गेल्या मार्चअखेरची ११,३४० रुपयांची शिल्लक रुपयाला रुपया जुळलेली आहे. आयकरातली १२ए आणि ८०जी ही नोंदणी आहे, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी ‘दर्पण’ पोर्टलचा नंबर आहे. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घ्यायला सीएसआर-१ ची नोंदणी लागते, तीही केली. ती कशी केली विचारू नका. सरकारी पोर्टलला आमच्या दिवंगत अध्यक्षांचा मोबाइल जोडलेला होता, आणि ओटीपी त्यांच्या नंबरावर जात होता. नातवाने ते सिम अजून चालू ठेवले आहे म्हणून निभावले.

तर दाभोळ खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, आम्ही रुग्णसाहित्य केंद्र चालवतो. केंद्र म्हणजे एक खोली. तिच्यात खाटा, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, दोन एअर बेड. अनामत पाचशे, भाडे नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. रात्री दोन वाजता कोणी दार ठोठावले तरी त्या उठून खोली उघडून देतात. त्यांना आम्ही काहीही देत नाही, हे लिहिताना लाज वाटते.

२०२३ मध्ये एका फाउंडेशनने (नाव घेत नाही) आम्हाला पाच नव्या खाटा मंजूर केल्या. डोक्याची बाजू हँडल फिरवून वर करता येते, त्या फाउलर खाटा. पहिल्या हप्त्यात तीन, दुसऱ्या हप्त्यात दोन. कार्यक्रम झाला, नारळ फुटला. आपल्या पेपरात तीन कॉलमी फोटोही आला, त्यात सात माणसे एका खाटेला हात लावून उभी होती. खाली सगळ्या पाहुण्यांची नावे होती आणि आमच्याबद्दल ‘एका स्थानिक मंडळास’ एवढे तीन शब्द. असो.

दुसरा हप्ता आजपर्यंत आलेला नाही. कारण मी ‘प्रगती अहवाल’ अपुरा पाठवला. त्यात एक रकाना आहे: ‘लाभार्थ्याच्या जीवनात घडलेला बदल’. सोबत आधीचा फोटो, नंतरचा फोटो, दोन्ही जिओटॅग केलेले (म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले), आणि फोटोत खाटेवरचे फाउंडेशनचे स्टिकर स्पष्ट दिसले पाहिजे.

एक खाट आम्ही खाडीपलीकडे दाभोळला दिली होती. छोट्या हत्ती टेम्पोत घातली, धोपाव्याहून फेरीबोटीत चढवली, पलीकडे चार जणांनी उतरवली. घर एका म्हाताऱ्या तांडेलाचे. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. महिन्याभराने मी मोबाइल घेऊन त्या अहवालाच्या फोटोसाठी गेलो. सूनबाई त्यांना पेज भरवत होत्या. मी चाचरत काय हवे ते सांगितले. तांडेलांना बोलता येत नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. त्यांनी डाव्या हाताने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. सूनबाई म्हणाल्या, “गुरुजी, चहा टाकते. फोटो नको.”

मोबाइल खिशात घातला. चहा घेतला. शेवटची फेरी गाठून परत आलो.

पुढे मार्गशीर्षात खाट परत आली. आमच्याकडे खाट परत आली की कोणी काही विचारत नाही. पण अहवालाचा रकाना भरायचा राहिलाच होता. जीवनात घडलेला बदल! मी खरे ते लिहिले: ‘साडेपाच महिन्यांत पाठीला एकही जखम झाली नाही.’ अंथरुणाला खिळलेला माणूस ज्यांनी घरात सांभाळला आहे, त्यांना हे केवढे मोठे काम आहे ते कळेल. फाउंडेशनकडून उत्तर आले, ‘कृपया परिणाम संख्यात्मक स्वरूपात कळवावा.’ मी कळवला. शून्य. त्यानंतर काही उत्तर नाही.

आता आपण म्हणाल, गुरुजी तापट आहेत. आहे. पण आणखी एक ऐका. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड दोन पावसाळे काढत नाही. स्टिकर अजून चकाकते आहे, खालचा पाया मात्र सोलवटला. हँडलचा स्क्रू धरतो, मग खाट डोक्याकडे ना वर जाते ना खाली येते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या दोन जुन्या खाटा चिपळूणला दिल्या होत्या. त्या आल्या तेव्हा सांध्यासांध्यांत चिखल बसलेला होता. वेल्डिंग, रंग आणि नवी चाके धरून एका खाटेला अडीच हजार लागतात. नवी खाट अठरा हजारांची. मी विचारले, नव्या दोन राहू द्या, तेवढ्या पैशात माझ्या सगळ्या जुन्या खाटा दुरुस्त होतील आणि काकूंना वर्षभर काही देता येईल. भागाकार पाचवीतल्या पोरालाही जमेल. उत्तर मिळाले की दुरुस्ती मंजूर खर्चाच्या ‘हेड’मध्ये बसत नाही, आणि मानधन तर कायद्यानेच पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही.

हे पाच टक्के मला फार छळत होते, म्हणून पुतण्याकडून नियम छापून आणले आणि पेन्सिल घेऊन बसलो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ मध्ये पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे हे आहे, ते आपल्याला माहीत असेलच. पाच टक्क्यांची मर्यादा २०२१ च्या दुरुस्त नियमांत आहे, आणि ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा खर्च तिच्यात धरायचाच नाही, असे व्याख्येतच लिहिले आहे. म्हणजे लगाम आहे तो त्यांच्या ऑफिसच्या खर्चाला, आणि तो दाखवायचा काकूंच्या किल्लीला! हे मी त्या साहेबांना पत्राने कळवले. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’, असे आले. आपणच सांगा, कच्चे कोण?

आपण वेळासच्या कासवांचे उदाहरण दिलेत. (आपण ‘वेलास’ छापलेत. ळ आहे तो. मंडणगडचे लोक सभ्य आहेत म्हणून तक्रार करणार नाहीत.) सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे कासवे राखली आणि गावाने ती आपली मानली, त्याबद्दल आदरच आहे. पण ते काम पहारा देणाऱ्या माणसांवर उभे राहिले, हे अग्रलेखात कुठे आले? भरतीच्या वर घरटे हलवायला पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी चालावे लागते. शिवाय कासवाच्या पिल्लाचा फोटो काढायला त्याच्या सुनेला विचारावे लागत नाही. आमचे लाभार्थी तेवढे फोटोजनिक नाहीत, त्याला आमचा इलाज नाही.

आणखी एक, आता लिहायला बसलोच आहे तर. ‘रुग्णसाहित्य विनामूल्य मिळेल’ एवढे चार ओळींचे निवेदन आम्ही गेल्या जूनमध्ये आपल्या कार्यालयात पाठवले होते. ते जाहिरात विभागाकडे वळवण्यात आले आणि तिथून दरपत्रक आले. त्याच आठवड्यात एका फाउंडेशनचा वृक्षारोपणाचा मजकूर अर्ध्या पानावर आला, त्यांच्याच भाषेत, ‘शाश्वत’ हा शब्द सहा वेळा. मी मोजले. निधी आणि हात यांची गाठ घालून द्यायची आपल्याला एवढी तळमळ आहे, तर त्या चार ओळी छापा. मजकूर सोबत पुन्हा जोडला आहे. फोन नंबर काकूंच्या घरचा आहे, तोही तसाच छापा. दुपारी दोन ते चार त्या झोपतात.

पत्राखाली माझे व मंडळाचे नाव मात्र छापू नये. दुसऱ्या हप्त्याची फाईल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

आपला,
एक कार्यवाह,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी