‘कुस्ती कधी हाय रं?’

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा कुस्तीवाला हल्क होगन २४ जुलै २०२५ ला फ्लोरिडात वारला. त्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान मजकूर आला. फोटो झकास होता. पण १९८५ सालच्या पहिल्या ‘रेसलमेनिया’बद्दल, म्हणजे तिकडच्या कुस्त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाबद्दल, लिहिताना लेखकाने दोन शब्द असे वापरलेत की माझा चहा तसाच निवला. एक, त्या कुस्त्यांना ‘फ्रीस्टाईल’ म्हटलंय. दोन, त्यांना ‘नुरा’, म्हणजे आधीच मिटवलेल्या, ठरवून तांबड्या मातीशी त्यांचं काही नातं नाही, असा निकाल देऊन टाकलाय. मुंबईच्या पेपरात हे आलं असतं तर पान उलटलं असतं. कोल्हापुरात छापून आलं म्हणून लिहायला बसलो.

फ्रीस्टाईलचं लवकर उरकतो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकहून कांस्यपदक आणलं ते फ्रीस्टाईल कुस्तीत. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्या प्रवासासाठी आपलं राहतं घर गहाण टाकलं, ते काय खुर्च्या डोक्यात घालण्याच्या खेळासाठी? दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्या मुंबईत फ्रीस्टाईल म्हणून लागायच्या, तेव्हापासून हा घोळ आहे. आता तर ‘दोन गटांत फ्रीस्टाईल’ असा मथळा आपल्याकडे महिन्यातून एकदा असतोच, आणि आत वाचावं तर पार्किंगवरून हाणामारी. असो.

मी मंगळवार पेठेतला. पोरवयात चार वर्षं तालमीत होतो, मग गुडघा गेला. १९८४ पासून नऊ-दहा वर्षं घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवली. १९८६ च्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या भावाने अमेरिकेहून येताना पहिल्या रेसलमेनियाची कॅसेट आणली. तिकडची टेप एनटीएससी, आपली यंत्रं पाल, म्हणजे चित्राची पद्धतच वेगळी. लावली की चित्र वर सरकत राहायचं आणि रंग गायब. एका पोराला टीव्हीच्या मागे व्हर्टिकल होल्डचं बटण धरून बसवला, तेव्हा कुठं चित्र थांबलं. जगाने रंगीत बघितलं ते आमच्या गल्लीने काळंपांढरं बघितलं, आणि त्या पोराने बघितलंच नाही.

आमच्या तालमीचे वस्ताद तेव्हा सत्तरीला टेकलेले. त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. खुर्ची नको म्हणाले, पाटावर मांडी घालून बसले.

आता त्या रात्रीची हकिकत. ३१ मार्च १९८५, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आत १९,१२१ माणूस. आपलं खासबागचं कुस्तीमैदान भरलं तर तेवढं आपल्याकडंही बसतं. पण बाहेर गावोगावच्या थिएटरांत पडद्यावर थेट दाखवलं, ते बघणारे दहा लाखांवर होते, तो आकडा आपला नव्हे. विन्स मॅकमहनने १९८२ साली बापाकडून हा कुस्त्या भरवायचा धंदा विकत घेतला होता. तोवर तिकडं कुस्त्या लावणाऱ्या प्रत्येकाचा मुलूख ठरलेला, दुसऱ्याच्या मुलखात मैदान भरवायचं नाही. याने ते मोडलं, सगळ्यांचे मल्ल फोडले आणि होतं नव्हतं ते या एका रात्रीवर लावलं. आपल्याकडं जत्रा कमिटीत कुणी असं केलं असतं तर त्याला गावात राहू दिलं नसतं.

कुस्त्या नऊ. दुसऱ्या कुस्तीत किंगकाँग बंडी नावाच्या डोंगराने एस. डी. जोन्सला नऊ सेकंदांत पाडल्याचं जाहीर झालं. वस्ताद म्हणाले, परत लाव. परत लावली, मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसलो. वीस सेकंदांच्या वर भरले. वस्ताद हसले. ‘आपल्याकडं पाऊण मिनटाची कुस्ती गावात पोचस्तोवर पाच मिनटाची हुतीया. ह्यांच्याकडं उलटं हाय.’

सहाव्या कुस्तीला ते पाटावरून पुढं सरकले. जोडीची कुस्ती होती. एका बाजूला बॅरी विंडहॅम आणि माईक रोटुंडा, दुसऱ्या बाजूला निकोलाय वोल्कॉफ आणि आयर्न शेख. वोल्कॉफ रशियन म्हणून मिरवायचा, जन्माने युगोस्लाव्हियाचा. शेख इराणचा. इराणात अमेरिकन ओलीस धरले होते त्याला जेमतेम चार-पाच वर्षं झालेली, त्यामुळं त्याला बघितलं की लोक पेटायचे, आणि त्यासाठीच तर तो तिथं होता. वस्तादांना हे राजकारण काही ठाऊक नव्हतं. ते त्याचे पाय बघत होते. ‘ह्यो खरा हाय. ह्येनं माती खाल्लीया. ह्येची बैठक बघ, मान बघ. बाकीची नाटकातली हाईत.’

पुढं कळलं ते असं की शेख, म्हणजे हुसेन खोस्रो वझिरी, १९७१ साली अमेरिकेत ग्रीको-रोमन कुस्तीत अव्वल आला होता आणि तिथल्या ऑलिम्पिक संघाच्या प्रशिक्षकांतही त्याने काम केलं होतं. नंतरच्या एका कॅसेटमध्ये तो कुस्तीआधी लाकडी मुद्गल फिरवताना दिसला, अगदी आपल्या तालमीत करेला फिरवतात तसा. इराणी मल्लांचा तो परंपरेचा व्यायाम. वस्तादांनी काळ्यापांढऱ्या, हलत्या चित्रात, नुसत्या उभं राहण्यावरून हे ओळखलं होतं.

आणि मग काय झालं? पंचाची पाठ वळल्यावर याच शेखने मॅनेजरची काठी घेऊन विंडहॅमच्या पाठीत घातली. वोल्कॉफ त्याच्यावर पडला, कुस्ती संपली, विजेतेपदाचे पट्टे यांना मिळाले. वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. सगळ्यांत एकटा खरा म्हणून निवडला, त्यानेच काठी घातली.

पुढची कुस्ती आंद्रे द जायंट आणि बिग जॉन स्टड यांची. स्टडला उचलून आपटला तर आंद्रेला पंधरा हजार डॉलर, नाही तर आंद्रेने कुस्ती सोडायची. आंद्रेने आपटला, पैशाची थैली उघडली आणि नोटा लोकांत उधळायला लागला, तर स्टडच्या मॅनेजरने थैली हिसकावून पळ काढला. आपल्याकडं जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा-वीसच्या नोटा कोंबतात. ही उलटी फेरी बघून गल्लीतली पोरं खूश झाली. बायकांच्या कुस्तीला वस्ताद तंबाखू मळायला बाहेर गेले. (आज त्यांची पणती मॅटवर सराव करते, आणि घरात तिच्या खुराकाला पहिला मान आहे.)

शेवटच्या कुस्तीआधीचा थाट काय सांगावा. नावं पुकारायला बेसबॉलचा बिली मार्टिन. वेळ लावायला पियानोवाला लिबराची, झगमगीत कपड्यांत, आणि त्याच्याबरोबर हातात हात घालून पाय उडवणाऱ्या नर्तकी. रिंगणाबाहेरचा पंच म्हणून खुद्द महंमद अली. आठ कुस्त्या होऊन गेल्या होत्या, आणि वस्तादांनी मला विचारलं, ‘कुस्ती कधी हाय रं?’

मग होगन आणि मिस्टर टी विरुद्ध रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ. मिस्टर टी मल्ल नव्हेच, टीव्हीवरचा नट. शेवटी पायपरच्या बाजूचा बॉब ऑर्टन हाताचं प्लास्टर घेऊन दोरावरून उडी मारतो, ते प्लास्टर चुकून आपल्याच ऑर्नडॉर्फला बसतं आणि होगन त्याच्यावर पडून कुस्ती घेतो. त्या चौघांपैकी आज एकटा तो नट हयात आहे. पायपर २०१५ ला गेला, ऑर्नडॉर्फ २०२१ ला, होगन आता, आणि तिघंही जुलैतच. वोल्कॉफही जुलैतच गेला, २०१८ ला.

आता नात्याचं. आपल्या लेखकाने कधी भवानी मंडपाकडून खासबागेपर्यंत पायी जाऊन बघावं. कुस्तीचं मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना चिकटून आहेत. शाहू महाराज १९०२ ला युरोपला गेले, रोमचं ते जुनं गोलाकार रिंगण बघून आले आणि १९१२ ला खासबाग उभी राहिली. तीनच वर्षांनी शेजारी पॅलेस थिएटर, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एकाच राजाची हौस, मधे भिंत. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री थिएटर जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. आजूबाजूला नाटकवाले होते तसे पैलवानही होते, आणि रडण्यावरून कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं.

खासबागेच्या उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा भाऊ. दोनच वर्षं आधी हे दोघं भाऊ लंडनला होते. तिथं गामाने अमेरिकेच्या रोलरला पाडलं ते आल्हंब्रात, आणि आल्हंब्रा म्हणजे गाण्या-नाचाचं थिएटर. इमामबक्षने त्याच मुक्कामात स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवलं. म्हणजे आमच्या मैदानाचा नारळ ज्याच्या कुस्तीने फुटला, तो तिकीट लावून, दिव्यांच्या झगमगाटात कुस्त्या होणाऱ्या गावाहून आला होता. नातं अजून कुठं शोधायचं?

आणि त्याच लंडनात १० सप्टेंबर १९१० ला गामा-झिबिस्को झाली. पोलंडचा झिबिस्को अडीच तासांवर जवळजवळ सगळा वेळ पोटावर पडून राहिला. गामाला तो उलटेना, कुस्ती सुटली. आठवड्याने परत धरायची होती तर तो आलाच नाही. ही कुस्ती शंभर टक्के खरी होती, आणि बघणाऱ्यांचे हाल झाले. अमेरिकेत अशाच लांबलेल्या कुस्त्यांनी लोक घरी जायला लागले, म्हणून १९२० च्या सुमारास तिथल्या मंडळींनी कुस्तीला वेळ बांधून दिली, उड्या आणल्या आणि निकाल आधी ठरवायला सुरुवात केली. रेसलमेनियाचं मूळ तिथं आहे. गंमत पुढंच आहे. १९२५ ला फिलाडेल्फियात याच झिबिस्कोने वेन मन नावाच्या फुटबॉलवाल्याकडून पडायचं, असं ठरलं होतं. पन्नाशीच्या घरातल्या झिबिस्कोने ऐन वेळी ठरलेलं सगळं गुंडाळून ठेवलं आणि त्या पोराला खरोखरच आपटून काढलं. नाटकातल्या खलनायकाने तिसऱ्या अंकात नायकाला मनापासून बडवावं, तसं. आणि तीन वर्षांनी पतियाळाला हाच झिबिस्को परत गामासमोर उभा राहिला, तो एक मिनिटाच्या आत चीत. एकच माणूस भिंतीच्या दोन्ही बाजूंनी खेळला. त्याला एका शब्दात बसवून दाखवा.

आता नुरा. नुरा म्हणजे आधी ठरलेली कुस्ती एवढंच नव्हे. खरी कुस्ती दाखवतो म्हणून लोकांना बसवायचं आणि आतून मिटवून ठेवायचं, ती नुरा. मॅकमहनच्या लोकांनीही कैक वर्षं लपवलं हे कबूल. पण १९८९ ला न्यू जर्सीत सरकारी नियमांतून आणि करातून सुटायला त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की आमचं हे मनोरंजन आहे, स्पर्धा नव्हे. पैशासाठी का होईना, सांगितलं. त्यानंतर बघणाऱ्याची काही फसवणूक राहिली नाही.

आमचं ऐका. चार वर्षांमागे एका जत्रेच्या मैदानाला गेलो होतो, गावाचं नाव घेत नाही. एक नंबरच्या कुस्तीला इनाम लाखांत. तीन वाजल्यापासून पोरासोरांच्या कुस्त्या झाल्या, त्या इतक्या सुरेख की एका बारा वर्षांच्या पोराने पट काढून दुसऱ्याला आस्मान दाखवलं तेव्हा मी उभा राहून ओरडलो. सहाला मोठी जोड लागली. शड्डू, सलामी, हलगी कडाडली. आणि मग पाऊण तास नुसती खडाखडी. मानेवर हात, हात झटकला, परत मानेवर हात. एकानेही पटाला हात घातला नाही. हलगीवाला थकून बसला. लोकांनी टोप्या उडवल्या, शिव्या दिल्या. पंचांनी कुस्ती सोडवली, इनाम निम्मं निम्मं. रात्री हायवेवरच्या धाब्यावर दोघं एकाच ताटात जेवताना मी या डोळ्यांनी बघितले. दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात बातमी होती, तुल्यबळ लढत बरोबरीत सुटली म्हणून. त्या दिवशी ‘नुरा’ हा शब्द आपल्या कार्यालयात कुणाला आठवला नाही. न्यूयॉर्कला मात्र चाळीस वर्षांनी आठवला.

तेव्हा विनंती एवढीच. खाशाबांचा शब्द हाणामारीला वापरू नका, आणि नुरा शब्द जिथं लागतो तिथंच लावायचं धाडस करा. मैदानाला वार्ताहर पाठवाल तर पोरांच्या कुस्त्यांना, तीन वाजता पाठवा. सहाला पाठवून उपयोग नाही.

आपला,
एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. ती कॅसेट अजून माझ्याकडं आहे, टेपला बुरशी आलीय. त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी वस्ताद एकटेच लायब्ररीत आले होते. म्हणाले, त्या इराण्याची तेवढी लाव. लावली. मागं बटण धरायला कुणी नव्हतं, म्हणून मीच बसलो. थोड्या वेळाने पुढून आवाज आला, ‘आता बंद कर. काठीच्या आदी.’