लिंबांबद्दल लिहायचं की सत्तेबद्दल

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

परवा फोनवर मी क्यूबातल्या त्या ब्लॉगबद्दल सांगत होते, तेव्हा तू म्हणालीस, जिथं सरकार बोलू देत नाही तिथल्या माणसानं लिंबं-अंडी कशाला लिहीत बसायचं? लिहायचंच तर सत्तेबद्दल लिहावं. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते डोक्यातून जातही नाहीये, म्हणून हे पत्र.

स्पॅनिश शिकताना सरावासाठी मी क्यूबाच्या राजधानीतल्या, हवानातल्या योआनी सांचेसचा ब्लॉग वाचायला लागले. तिनं तो एप्रिल २००७ मध्ये सुरू केला. तिचा नवरा रेनाल्दो एस्कोबार पत्रकार. त्याला वर्तमानपत्रातून काढून टाकलं, तेव्हा लिफ्टदुरुस्तीची कामं करून त्यानं दिवस काढले. घर चौदाव्या मजल्यावर. क्यूबातल्या सामान्य माणसाला तेव्हा घरी इंटरनेट घ्यायची परवानगीच नव्हती, आणि पर्यटकांच्या हॉटेलांतही देशातल्या लोकांना मज्जाव. मग ही बाई मजकूर घरी लिहायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, टी-शर्ट-शॉर्ट्स घालून परदेशी पाहुणीच्या थाटात हॉटेलच्या दाराशी जायची आणि रखवालदाराकडे बघून मोकळं हसायची. तो बाजूला व्हायचा. आत इंटरनेटला तासाला पाच-सहा डॉलर, आणि देशातला सरासरी पगार महिन्याला वीस डॉलरच्याही आत. त्यामुळे आत शिरल्यावर विचार करायला सवडच नाही. चढवायचं आणि निघायचं.

एवढा जीव धोक्यात घालून ती लिहायची काय? लिंबं मिळत नाहीत, बस आली नाही, शाळेत मुलाला काय घोकायला लावलं. तिथं तेव्हा रेशनच्या वहीवर माणशी रोज एक छोटा पाव मिळायचा आणि दूध फक्त सात वर्षांपर्यंतच्या मुलांना. सातवा वाढदिवस झाला की दूध बंद. ‘आजपासून माझ्या लेकाचं दूध बंद झालं’ एवढं एक वाक्य एखाद्या आईनं लिहिलं, तर सत्तेबद्दल आणखी काय लिहायचं राहिलं गं? सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘ग्रान्मा’ दैनिकात देश पुढे चाललेला असतो. स्वयंपाकघरातलं खरं तिथं छापून येत नाही. घोषणेला उलट घोषणा देता येते, पण रिकाम्या पातेल्याला काय उत्तर देणार?

म्हणूनच सरकारला तो ब्लॉग सोसला नाही, असं मला ठामपणे वाटतं. मार्च २००८ मध्ये क्यूबात तो उघडेनासा झाला. त्याच वर्षी तिला स्पेनचा ओर्तेगा ई गासेत पत्रकारिता पुरस्कार मिळाला, तर तो घ्यायला देशाबाहेर जाऊ दिलं नाही. पण ती थांबली नाही. मजकूर ई-मेलनं बाहेरच्या मित्रांना पाठवायचा, ते चढवायचे. तिचं लिहिणं जगभर अनुवाद होऊन वाचलं जायचं आणि तिला मात्र स्वतःचं पान दिसायचं नाही. क्यूबातल्या लोकांपर्यंत ते सीडी आणि पेनड्राइव्हवरून हातोहात पोचायचं. पुढे तिनं घरातच इतरांना ब्लॉग लिहायला शिकवलं. मला तिचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. नोव्हेंबर २००९ मध्ये भर रस्त्यात गाडीत कोंबून आपल्याला मारहाण झाली, असं तिनं लिहिलं, आणि तरीही घरातले वर्ग चालू राहिले.

अमेरिकेच्या क्यूबावरच्या निर्बंधांचं तू म्हणशील. ते खरे आहेत, त्यांनी लोकांचे हाल वाढवले, आणि इंटरनेट नाही ते त्यांच्यामुळेच, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत होतं. पण फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेनेझुएलाहून समुद्राखालची इंटरनेटची केबल क्यूबातल्या सांतियागोजवळच्या किनाऱ्याला लागली, आणि ती वापरात आल्याची चिन्हं दिसली ती थेट जानेवारी २०१३ मध्ये. एवढा काळ तिचं काय झालं ते लोकांना कुणी धड सांगितलं नाही. हे मला निर्बंधांइतकंच क्रूर वाटतं.

त्याच जानेवारीत परदेशी जायची परवान्याची अट गेली, योआनीला अखेर बाहेर पडता आलं. २०१५ पासून बागांमध्ये वाय-फाय आलं. बाकावर, कट्ट्यावर लोक अमेरिकेत, मायामीत असलेल्या लेकराबाळांशी फोनवर मोठमोठ्यानं बोलायचे. खासगी असं काही उरायचंच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मोबाइलवर इंटरनेट आलं, आणि पाठोपाठ २०१९ मध्ये ३७० क्रमांकाचा कायदा. ‘समाजहिताविरुद्ध’ काही लिहिलं तर ३,००० पेसो दंड. समाजहित म्हणजे काय ते ठरवणार सरकारच. ११ जुलै २०२१ ला लोक रस्त्यावर उतरले, ते वीज नाही, औषधं नाहीत म्हणून आणि स्वातंत्र्य हवं म्हणून. सरकारनं इंटरनेट तोडलं. बघ, तिथंही पातेलं आणि सत्ता वेगळी काढता आली नाही.

सुमे, तुझ्या बाबांची आणीबाणीतली येरवड्याहून आलेली पत्रं तू मला दाखवली होतीस, शाईनं ओळी खोडलेली. खोडलेलं ते राजकारण असणार, असं आपण धरून चाललो होतो. आता मला वाटतं, त्यात तुरुंगातल्या भाकरीबद्दलही काही असेल. काकांना आठवतंय का, विचारशील? त्यांनी सांगितलं तर तू लिहून ठेव. अगदी आमटी पातळ होती की घट्ट, तेसुद्धा. ते सांगायला कचरतील, ‘त्यात काय सांगायचं’ म्हणतील, पण तू सोडू नकोस.

योआनीच्या काही नोंदी मी मराठीत करतेय, झाल्या की पाठवते. लिंबांची आधी वाच. काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
नमू