तुझ्या गाडीची वीज

चंद्रपूर,
१२ जानेवारी

प्रिय मंदार,

तुझ्या नव्या प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोलवर आणि घरी चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीचा फोटो पाहिला. अभिनंदन! पण ‘आता ऑफिसला जाणं-येणं धुराविना’ हे तुझं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

तुमच्या गल्लीतला धूर कमी होईल, हे खरंच. पेट्रोलचा धूर थेट पोरांच्या नाकाशी सुटतो, तो थांबणं काही लहान गोष्ट नाही. पण तुम्हा ठाणेकरांची वीज आमच्याकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रातूनही येते. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी वीजवाहिनी १९९९ पासून त्यासाठीच उभी आहे.

हिशेब बघ. प्लग-इन हायब्रिड बॅटरीवर पंचवीसेक किलोमीटर चालवायची तर साधारण पाच युनिटं लागतात. ती कोळशावरची असली, तर इथे साडेतीन किलोच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, म्हणजे किलोभर राख झाली. ती बहुतेक ईएसपीत, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या यंत्रात अडते. गंधकाचा वायू मात्र तिथे अडत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर लांबवर जातात.

आई गच्चीवर कुरडया घालते तेव्हा वरून पातळ लुगडं पसरते. संध्याकाळी त्यावरून बोट फिरवलं की करडी रेघ उमटते. खाणी, कोळशाचे ट्रक, थर्मल वीजकेंद्र; कुणाची किती, कोण सांगणार?

गंधक अडवणारी एफजीडी यंत्रणा बसवता येते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने उत्सर्जनाच्या मर्यादा घातल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती वाढतच गेली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. अतिप्रदूषित पट्ट्यांजवळच्या केंद्रांचं एकेक करून ठरणार. याचा मला मनापासून संताप येतो. इथली माणसं दहा वर्षं थांबलीत रे.

गाडी जरूर वापर. फक्त रात्री घरी आल्या आल्या प्लग लावू नकोस. तेव्हा सौर वीज नसते, कोळशावरच भिस्त असते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्जिंगची सोय होते का, विचार. तुमच्या सोसायटीची गच्ची मोठी आहे, सोलरचा विषय पुढच्या सभेत काढच. कोटेशन कसं वाचायचं ते मी फोनवर सांगतो. आमच्या बिल्डिंगचं काम नुकतंच झालंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनय